बिनपत्त्याचा खण

साहेब, ती होडी तुम्ही पाठवली. निम्म्या शहरात छपराला पाणी लागलेलं, धड चालणाऱ्या होड्या पाच, आणि त्यातली एक तुम्ही एका बाबाला मिरवत आणायला दिलीत. ही गोष्ट कुजबुजण्यातली नव्हे, म्हणून छापून सांगतो आहे. तुमचं नाव लिहिलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. आता खुर्चीत नीट बसा आणि शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी एक प्रश्न आहे.

पुराचा चौथा दिवस. सकाळी नऊलाच साहेबांच्या कचेरीसमोरचं पटांगण माणसांनी गच्च भरलं होतं. पटांगण उंचावर, म्हणून कोरडं. कचेरीच्या भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, नकाशावर लाल ठिपके. एक ठिपका म्हणजे पुरात अडकलेल्या कुणीतरी पाठवलेला एक फोटो. नदीच्या काठानं ठिपके विखुरलेले, इथं चार, तिथं सहा. पण बरोब्बर मधोमध, जिथं टेकडीबाबाचा आश्रम होता त्या टेकडीवर, ठिपक्यांचा असा ढीग पडला होता की खालची टेकडीच दिसेनाशी झाली होती. ढिगावर आकडा झळकत होता, नऊशे चौदा.

"वाढला! नऊशे पंधरा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं पटांगण शहारलं.

बाबाचा पट्टशिष्य टेबलावर चढला होता. एका हातात माईक, दुसऱ्या हातात फोन. घसा बसलेला, पण उत्साह ताजा. "देह कुठंही असू द्या मंडळी, छबी बाबांकडे येते! छबी आली की छबीचा धनी सुटला म्हणून समजा! थेट पाठवलेले फोटो बघा, कसे वाऱ्यावर गेलेत. आणि माझ्या हातून गेलेला, बाबांचं नाव लागलेला एकेक फोटो बघा. एक तरी चुकलाय का टेकडी?"

"नाही!"

"आम्ही नकाशा मानत नाही. नकाशा आम्हाला मानतो!"

यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी की तेवढ्यापुरता तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातून गेलेला एकही फोटो टेकडी चुकला नव्हता.

रस्त्यापलीकडच्या वाचनालयाच्या माडीवरून टपालमावशी हे बघत होत्या. मावशींनी चौतीस वर्षं टपालखात्यात पत्रांच्या सॉर्टिंगला काढली. निवृत्त झाल्या तरी हात शिवशिवायचे. घरात वाणसामानाच्या पुड्यासुद्धा गल्लीवार लावतील अशी बाई. पूर आला तशा त्या वाचनालयात येऊन बसल्या. तिथं सात स्वयंसेवक होते. वर्तमानपत्रं बाजूला सारून लांब टेबलांवर चार लॅपटॉप मांडलेले, आणि खाली जिन्यात वायरमननं जनरेटर लावून दिलेला. काम साधं, पण डोळे फोडणारं. लोकांनी पाठवलेले फोटो नकाशावर लावायचे. कुठला रस्ता तुटला, कुठं पाणी कमरेला, कुठं गळ्याला, कुठल्या गच्चीवर किती माणसं. होड्यांनी त्या नकाशावरून जायचं.

फोन फोटो काढतो तेव्हा त्याच्या पोटात जागाही लिहून ठेवतो. स्वयंसेवकांच्या इंटरनेटवरच्या पानावर थेट पाठवलात तर ती जागा शाबूत येते आणि ठिपका आपोआप बरोबर पडतो. पण तोच फोटो मेसेजमधून एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला की जागा गळून पडते. मावशींच्या भाषेत, पाकीट फाडून टाकायचं आणि नुसतं पत्र पुढं द्यायचं. पत्र पोचतं, पत्ता नाही.

आणि नकाशाचा प्रोग्रॅम हट्टी. जागा सांगितल्याशिवाय फोटो ठेवूनच घेईना. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याशी भांडून दमले, तेव्हा मावशीच म्हणाल्या होत्या, "अहो, बिनपत्त्याचं पत्र आम्ही कधी फेकून दिलं नाही. त्याला वेगळा खण असतो. सगळी तिथं टाकायची, हात मोकळा झाला की एकेक उघडून धनी शोधायचा. इथंही तसा खण करा."

"कुठं करू, मावशी?"

"नकाशाच्या मध्यावर करा. उठून दिसेल, विसरायला होणार नाही."

नकाशाचा मध्य टेकडीवर आला. कुणी निवडला नव्हता. जिल्ह्याची लांबीरुंदीच तशी. त्या खणातल्या प्रत्येक फोटोवर मावशी चिठ्ठी लावायच्या, 'पत्ता नाही'. पण कचेरीनं हाच नकाशा पडद्यावर घेतला तेव्हा चिठ्ठ्यांनी गिचमीड दिसते म्हणून साहेबांनी त्या काढायला लावल्या. उरले नुसते ठिपके. चौतीस वर्षं ज्या खणाकडे झाडूवालाही बघत नसे, त्याला लोक हात जोडायला लागले.

मावशींनी दुसऱ्याच संध्याकाळी साहेबांना लेखी कळवलं. साहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बाई, लोकांना आधार वाटतोय. पुरात आधार लागतो. भावनेला हात लावू नका."

"साहेब, आधार वाटल्यानं माणूस तरंगत नाही."

"पत्राची पोच घेऊन जा," साहेब म्हणाले.

पोच मिळाली. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला, जिथं ठिपके जास्त तिथं होड्या जास्त. चार होड्या बिस्किटं, पाणी आणि ब्लँकेटं घेऊन टेकडीला लागल्या. टेकडी खडखडीत कोरडी. तिथले चाळीस भक्त बिस्किटं खाऊन कंटाळले. इकडे पट्टशिष्यानं हाक दिली की आता कुणी थेट पाठवू नका, माझ्याकडे द्या. लोकांनी दिले. गच्चीवरून दिले, माळ्यावरून दिले. पत्ता लिहिलेली पाकिटं स्वतःच्या हातानं त्याच्याकडे फाडायला दिली.

मावशींची धाकटी बहीण दुसऱ्या दिवसापासून बेपत्ता होती. तिच्या दाराच्या चौकटीवर पाणी चढलेलं आणि घर रिकामं, एवढंच कळलं होतं. मावशींनी हे वाचनालयात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक "तुम्ही घरी जा" म्हणाले असते, आणि घरी जाऊन काय बांगड्या मोजायच्या होत्या?

खणात काय नव्हतं! गोठ्यातल्या म्हशी. भिंतीवरच्या आजोबांची तसबीर. पासपोर्ट फोटो. एकानं तर बंद पडलेल्या मोटारसायकलचा फोटो बाबांकडे धाडला होता. तो ढीग उपसताना सकाळी साडेदहाला मावशींचं बोट थांबलं.

एक सपाट गच्ची. चारी बाजूंना पाणी. ताडपत्रीखाली दहा माणसं, फोटो काढणारा धरून अकरा, चेहरे अंधुक. एक बाई पाठमोरी, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीच्या कोपऱ्याला निळं ठिगळ.

ते ठिगळ मावशींनी स्वतः घातलं होतं. निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेली टपालाची पिशवी. धाकटी म्हणाली होती, "ताई, मला दे, बाजाराला बरी."

"ही आमची धाकटी," मावशी म्हणाल्या.

फोटो पट्टशिष्याच्या फोनवरून आलेला. आदल्या संध्याकाळचा. जागा अर्थातच नाही.

मावशींनी फोटो मोठा केला. गच्चीच्या कोपऱ्याशी विजेचा खांब, नंबराची पाटी पाण्याखाली. त्यांनी जिन्यात हाक मारली, "वायरमन! वर ये. हातातलं टाकून ये."

वायरमन पक्कड घेऊनच आला. स्क्रीनजवळ वाकला आणि मागं वळून जिन्याकडे बघून घेतलं.

"ओळखीचा आहे का?"

"मावशी, आधी एक शपथ घ्या. वरच्यांना सांगायचं नाही."

"अरे बाबा, माणसं बसलीत गच्चीवर!"

"सांगतो, सांगतो. हा आडवा लोखंडी हात वाकडा दिसतोय ना? माझ्या शिडीनं वाकलाय. गेल्या वर्षी. वादळानं वाकला असं मी रजिस्टरात लिहिलं. अख्ख्या जिल्ह्यात असा वाकडा हात एकाच खांबाला आहे. बर्फाच्या कारखान्यामागचा."

"नक्की?"

"स्वतःच्या हातचं पाप माणूस विसरेल होय? तीच गच्ची. आणि जुनी आहे, मावशी. खालच्या विटा पाणी प्यायल्या की ती धरेल असं मला वाटत नाही."

मावशी चप्पल न घालताच रस्ता ओलांडून कचेरीत गेल्या, मागं वायरमन. साहेब आरशासमोर कॉलर नीट करत होते.

"एक होडी द्या. बर्फाचा कारखाना. अकरा माणसं."

"नकाशावर तिथं एकही ठिपका नाही, बाई."

"कारण तो ठिपका तुमच्या टेकडीवर पडलाय! मी लिहून दिलं होतं."

"तुमच्याकडे एक पिशवी आणि याच्याकडे एक वाकडा खांब. माझ्याकडे नऊशे ठिपके. मी कशावर विश्वास ठेवू?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाबा येतायत. होडी निघालीसुद्धा. त्यांचे दोन शब्द होऊ द्यात, मग बघू."

"बाबाला आणायला होडी गेली?"

"लोकांची मागणी होती."

मावशी बाहेर आल्या. वायरमन शिव्या देत होता. त्या इथं छापत नाही, पण त्या सगळ्या योग्य ठिकाणी लागत होत्या. मावशींनी वाचनालयाच्या खिडकीकडे बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "माईकची वायर कुणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या," वायरमन म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

बारा वाजता बाबा आले. टेकडीवरून पुराच्या पाण्याला हुकूम सोडणाऱ्या त्या महापुरुषाच्या अंगावर लाइफ जॅकेट होतं, आणि त्याचे तिन्ही पट्टे घट्ट आवळलेले होते. लोकांनी खांद्यावर घेऊन टेबलापर्यंत आणलं. बाबांनी डोळे मिटले. "मी काही करत नाही," ते म्हणाले. "छबी येते. मी फक्त तिला बोलावतो."

"बाबा, माझीही एक बोलवा," मावशी गर्दीतून म्हणाल्या आणि टेबलाशी जाऊन त्यांनी माईकच उचलला.

साहेब पुढं सरसावले. "बंद करा तो माईक!"

"वायर गरम झालीय साहेब, आत्ता हात लावता येत नाही," वायरमन बटणावर बसून म्हणाला.

मावशींनी पुढच्या रांगेतल्या एका बाईचा हात धरला. ती तीन दिवस तिथंच उभी होती. तिचा नवरा पलीकडच्या काठाला अडकलेला. "तुझ्याकडे त्यांचा फोटो आहे ना? दे तो यांना. ही चिठ्ठी मुठीत ठेव. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

बाबांनी फोनवर हात ठेवला, ओठ हलवले. पट्टशिष्यानं फोटो आपल्या फोनवर घेतला आणि दात काढत स्वयंसेवकांच्या पानावर ढकलला. सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. टेकडीवरचा ढीग हलला नाही. नऊशे एकवीस होते, नऊशे एकवीसच राहिले. आणि शहराच्या दक्षिण टोकाला, जिथं आजवर काळं कुत्रं फिरकलं नव्हतं, तिथं एक नवा ठिपका टपकन उमटला.

"उघड चिठ्ठी. मोठ्यानं वाच."

बाई अडखळत वाचू लागली, "हा फोटो... कचरा डेपोवर पडेल."

मग मागून एक म्हातारा खो खो हसला. "बाबा डेपोवर राहायला गेले की काय?"

"परत पाठवा!" कुणीतरी ओरडलं. पट्टशिष्यानं परत पाठवला. डेपो. दुसऱ्याचा पाठवला. डेपो. तिसऱ्या वेळी त्यानं फोन खिशात घातला.

"बाबा बोलावतात तिथं फोटो जात नाही," मावशी म्हणाल्या. "फोटो मी खण केला तिथं जातो. पाच मिनिटांपूर्वी वाचनालयातल्या पोरींनी माझ्या सांगण्यावरून खण टेकडीवरून उचलला आणि डेपोवर ठेवला. जुने फोटो टेकडीवरच राहिले, पण ज्या नव्या फोटोला पत्ता नाही तो त्या खणात पडतो. आणि याच्या फोनमधून गेला की पत्ता गळतो. एवढाच चमत्कार आहे. तुमच्या माणसांनी पत्त्यासकट पाठवलेली हाक यानं पत्ता फाडून पुढं ढकलली."

"आम्हाला कुठं माहीत होतं!" पट्टशिष्य किंचाळला. "आमची श्रद्धा..."

"माहीत नव्हतं? मग तुझ्या फोनवरून आलेले पहिले तीन फोटो मंडळींना दाखवते." मावशींनी हात वर केला. वाचनालयातून पडद्यावर फोटो आले. एक चप्पल. मग कोरी भिंत. मग एक अंगठा. "दुसऱ्या दिवशी सकाळी सात, सात वाजून एक, सात वाजून दोन. ही चप्पल कुठल्या पुरात अडकली होती, सांगशील? तू आधी तीनदा करून बघितलंस. जमतंय म्हटल्यावर मग टेबलावर चढलास."

ती मघाची बाई फोन छातीशी धरून पट्टशिष्यासमोर गेली. "म्हणजे माझ्या नवऱ्यानं हाच फोटो तुझ्याकडे पाठवला तेव्हा तो कुठं आहे ते त्यात होतं? आणि तू ते काढून टाकलंस?"

तो बाबांच्या मागं सरकला. बाबांचे डोळे आता चांगले उघडे होते आणि होडीकडे लागले होते.

"खण माझा आहे," मावशी म्हणाल्या. "नाव लपवून मला जायचं नाही. जिथं माणसं राहतात तिथं मी तो केला, ही माझी चूक. जिल्ह्याच्या पलीकडे, नकाशाच्या बाहेर करायला हवा होता. ती मी भिंतीवर लिहून लावणार आहे. पण आत्ता बर्फाच्या कारखान्यावर अकरा माणसं आहेत आणि होड्या टेकडीला बांधल्यात. फोटोला हात जोडू नका, फोटोत बघा! पाटी बघा, टाकी बघा, खांब बघा. ज्याला जे ओळखता येईल त्यानं वर वाचनालयात या."

साहेबांच्या हुकमाची कुणी वाट बघितली नाही. बाबांना घेऊन आलेला नावाडी दोर सोडून मोकळा झाला होता. वायरमननं माईकचं बटण सोडून होडीत उडी मारली. पटांगणातली निम्मी माणसं जिन्यानं वर चढली. दूधवाला म्हणाला ही गल्ली माझी, मीटर वाचणारा म्हणाला हे दार माझं. संध्याकाळपर्यंत खणातले दोनशे चाळीस फोटो आपापल्या जागी गेले. त्या बाईचा नवरा एका पाण्याच्या टाकीखाली सापडला, जिवंत.

बर्फाच्या कारखान्यावरून होडी दोन वाजता परतली. धाकटी उतरली. पिशवी खांद्यालाच होती. मावशींनी उतरणारी माणसं मोजली. दहा.

"ताई," धाकटी म्हणाली. "आमचे शिंपीदादा. शेजारचे. फोन त्यांचाच होता, फोटो त्यांनीच पाठवला. मी म्हटलं ताईच्या पानावर पाठवा. ते म्हणाले, बाबांकडून गेलेला कधी चुकत नाही. रात्रभर आम्हाला धीर देत होते, फोटो पोचलाय, आता येतील. आणि आज दुपार व्हायच्या आत खरंच होडी आली. बाबा बसलेले. आम्ही सगळे ओरडलो, ताडपत्री हलवली. बाबांनी हात हलवला. होडी थांबेना. शिंपीदादा म्हणाले, त्यांना ऐकू गेलं नाही, मी जातो. आणि त्यांनी उडी टाकली."

मावशी नावाड्याकडे वळल्या. तो खाली बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत.

"मला वाटलं दर्शन घेतायत," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, भक्त आहेत, हात हलवा. मग मागं पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी वळलो. बाबा म्हणाले, पुढं बघ. आणि मावशी, मला निघताना कचेरीतून फोनवर बजावलं होतं, मध्ये कुठंही थांबायचं नाही."

एवढं घडलं. आता वाचनालयाच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मावशींच्या अक्षरात लिहिलंय, 'बिनपत्त्याचा खण टेकडीवर मी केला. चूक माझी.' खाली सही. त्याशेजारी वायरमनचा कागद आहे, 'खांबाचा हात माझ्या शिडीनं वाकला, वादळानं नव्हे.' त्याला नोटीस आली; त्यानं ती घेतली आणि कामावर गेला. वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे जिथून सुरू झालं तिथं कोण बसलंय आणि तो काय करतोय. विचारायला शिक्षण लागत नाही. टपालात चौतीस वर्षं पाकिटं उलटीपालटी केलेली बाई विचारू शकते, तर तुम्हीही विचारू शकता.

त्या दारावर तिसऱ्या कागदापुरती जागा मोकळी ठेवलेली आहे, साहेब. चार टाचण्याही लावून ठेवल्यात. शिंपीदादांची बायको रोज सकाळी येते, त्या मोकळ्या जागेकडे बघते आणि जाते.

मध्ये कुठंही थांबायचं नाही, हे नावाड्याला फोनवर कुणी सांगितलं? उत्तर द्या.